देवाला मोघम सांगू नये

आमच्या डोंगरावर गाऱ्हाणं मध्येच थांबतं. घाटकोपरला असल्फ्याच्या बाजूला आमची वस्ती, आणि विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून इतकी खाली येतात की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून, हात जोडून, मोठ्याने सांगितलेलं मागणं. एकाने सांगायचं आणि जमलेल्यांनी त्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या मालवणाकडच्या गावच्या मंडळात सांगणारे म्हणजे माझे बाबा. विमान आलं की ते तोंड मिटतात, हात तसेच जोडलेले ठेवतात आणि विमान गेलं की राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतात. लहानपणी मला वाटायचं, देवालासुद्धा एव्हाना थांबायची सवय झाली असेल.

बाबा शाळेची बस चालवतात. आजोबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांच्याकडून बाबांकडे दोनच गोष्टी आल्या, ही डोंगरावरची खोली आणि गाऱ्हाणं. त्यातलं गाऱ्हाणं बाबांनी जास्त जपलं, असं आई म्हणते. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे असले की बाबांना दुसरी कामं आठवतात, पण कुणाच्या घरी गाऱ्हाणं घालायचं असेल तर माणूस धुतलेला शर्ट घालून आधीच दारात उभा.

त्यांचा नियम एकच. "देवाक मोघम सांगूचा नाय." याला ते पुरावे देतात. आमच्या वरच्या गल्लीतल्या एका बाईंनी 'घर भरलेलं राहू दे' असं मागायला सांगितलं होतं. बाबांनी विचारलं, कशाने भरलेलं? त्या म्हणाल्या, देवाला कळतं सगळं. थोड्याच दिवसांत त्यांचे दीर, जाऊ आणि मुलं गावाहून पाहुणी म्हणून आली, आणि मग मुलांची नावं इथल्याच शाळेत घातली गेली. घर इतकं भरलं की त्या बाई दुपारच्या आमच्याकडे येऊन झोपायच्या. आणखी एकांनी मुलगा परदेशी जाऊ दे म्हणून मागितलं. मुलगा बोटीवर नोकरीला लागला, त्याचं तोंड दिसायची मारामार. "परत येवंदे, ह्या सांगूचा रवला," असं बाबा अजूनही मान हलवत सांगतात.

त्यामुळे एमबीए करून मी घरी बसले तेव्हा चूक कुणाची, हे बाबांना चांगलं माहीत होतं. स्वतःची. मला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या वर्षी त्यांनी देवाला सांगितलं होतं, ह्या चेडवाक शिकव, मोठा कर. चेडू म्हणजे मुलगी. "शिकला, मोठाय झाला," बाबा जेवताना म्हणाले. "नोकरेचा आपण बोललवच नाय."

"मोठा झाला ता दिसताच हा," आई म्हणाली. मी त्या काळात सकाळी उशिरापर्यंत लोळत असायची, त्याला हा टोला होता.

लोळणार नाही तर काय करणार? आमच्या कॉलेजच्या जाहिरातीत सूट घातलेली मुलं काचेच्या इमारतीपुढे हसत उभी असायची. ती मुलं कोण होती, देव जाणे. आमच्या वर्गातली तरी नव्हती. आमच्याकडे ज्या कंपन्या आल्या त्यांना क्रेडिट कार्ड नाहीतर पॉलिसी विकायला माणसं हवी होती, आणि मी शिकले होते ऑपरेशन्स. पुढे मी स्वतःच अर्ज करत सुटले. मालाडला गेले, विक्रोळीला गेले, अंधेरीला तर इतक्यांदा गेले की मेट्रो स्टेशनबाहेरचा सँडविचवाला न विचारता चटणी जास्त लावायला लागला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचं, तुम्हाला नक्की काय करायचंय? मग मी पाठ केलेलं सुरू करायची, डायनॅमिक ऑर्गनायझेशन, चॅलेंजिंग रोल, ग्रोथ. हे मी इतक्या सफाईने म्हणायची की समोरच्याला जांभई यायची. खरं सांगायचं तर मलाही यायची.

वस्तीत तर त्याहून मजा. आमच्या ओळीत शेवटच्या खोलीत एक काकू राहतात. त्यांनी नळावर विचारलं, "काय गं, सध्या काय चाललंय तुझं?" मी त्रासलेलीच होते. म्हटलं, "काही नाही, मार्केटमध्ये काही मिळतंय का बघतेय." काकूंनी मनावर घेतलं. दोन दिवसांनी धावत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आपल्या मार्केटात तो बांगड्यावाल्याचा गाळा रिकामा होतोय. लगेच बोल, नाहीतर जाईल." मी हसले नाही. घरात येऊन उशीत तोंड खुपसून रडले. एवढं शिकून मला काय हवंय ते नळावरच्या बाईला कळेल असं सांगता येत नव्हतं, आणि राग मात्र मला काकूंचाच आला.

शेवटी एक नोकरी आली. अंधेरीला, फोनवरून विम्याच्या पॉलिसी विकायच्या. येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. आईने साखर वाटायची तयारी केली. मला मात्र ती नको होती. ज्यांना पॉलिसी नको आहे त्यांना दिवसभर फोन करायचे आणि त्यांच्या शिव्या खायच्या, यासाठी मी शिकले नव्हते. माझी एक मैत्रीणही तिथेच होती दोन वर्षं. 'फक्त सुरुवातीला' म्हणून गेलेली, आणि आता दुसरीकडे मुलाखतीला गेली की तिला म्हणतात, तुम्हाला तर विक्रीचाच अनुभव आहे. एकदा त्या दारातून आत गेले की माझं खरं काम मला कायमचं दुरावणार, अशी भीती माझ्या मनात बसली होती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हातचा सोडून पळत्याच्या पाठी लागा नको." आईचंही चुकत नव्हतं, म्हणून तर मी जास्त चिडले.

त्याच आठवड्यात रविवारी मंडळाची पूजा होती. आदल्या दिवशी दुपारी आई बांगडे साफ करत होती आणि बाबा पूजेचा नारळ सोलत बसले होते. एकदम मला म्हणाले, "बाय, तुझा गाऱ्हाणा उद्या घालूचा आसा. नेमका काय मागू ता सांग."

"बाबा, नको ना. सगळ्यांसमोर कशाला?"

"मगे काय चोरून मागूचा? सांग, कसला काम व्हया?"

"ऑपरेशन्समध्ये."

"डॉक्टरचा?"

"नाही हो! सप्लाय चेन. म्हणजे मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून घेतात, मग सगळ्या फंक्शन्समध्ये रोटेट करतात..."

बाबांनी नारळ खाली ठेवला. "माकाच कळाक नाय, ता मी देवाक काय सांगू? ऑफिसात जावन तू हातान करतलस काय?"

मी पुन्हा प्रयत्न केला. इन्व्हेंटरी म्हटलं, वेअरहाउस म्हटलं. बाबा प्रत्येक शब्दावर 'म्हणजे?' विचारायचे. चेष्टा म्हणून नाही हं, मन लावून. त्यांना दुसऱ्या दिवशी तो शब्द सगळ्यांसमोर देवापुढे उच्चारायचा होता. चौथ्या-पाचव्या 'म्हणजे?'ला माझं डोकं फिरलं. कॉलेजात असताना मी महिनाभर भाजीच्या एका गोदामात शिकायला गेले होते, ते एकदम डोळ्यापुढे आलं, आणि मी ओरडलेच. "अहो बाबा, तिथं एका कोपऱ्यात टोमॅटो कुजत पडलेले असायचे आणि त्याच दिवशी तिकडे बोरिवलीच्या दुकानातून बोंब यायची की टोमॅटो नाहीत! दोन्ही एकाच दिवशी! कुठे काही कुजू नये आणि कुठे कुणाला काही कमी पडू नये, ते मधलं जे आहे ना, ते मला सांभाळायचंय. झालं समाधान?"

आईची सुरी थांबली. 

"ह्या सांगूक इतको येळ?" बाबा म्हणाले आणि पुन्हा नारळ हातात घेतला.

मी ओटीवर जाऊन बसले. रागाने कान गरम झाले होते, पण आत कुठेतरी मोकळं वाटत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत मला काय हवंय हे मी पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही माझ्याच तोंडून.

रविवारी देवळापुढे सगळी वस्ती जमली. बाबा उभे राहिले, घसा साफ केला. आधी गावाचं, मग मंडळाचं, मग आजारी माणसांचं मागून झालं. मी बायकांच्या मागे खांबाआड लपले होते. मग बाबांचा आवाज चढला.

"तशीच, म्हाराजा, ह्या माझ्या चेडवान आपला शिक्षाण पुरा केल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका काम व्हया! पण कसला काम? जिन्नस जय पडान आसा थयसून, जय गरज आसा थय येळेर धाडूचा काम!"

"व्हय म्हाराजा!"

"खय काय कुजूक नये, आणि खय कोणाक..."

विमान आलं. बाबा थांबले, सगळे थांबले. अख्खी वस्ती हात जोडून वर न बघता उभी, आणि माझं वाक्य अर्धवट हवेत. शेवटच्या रांगेतली एक बाई मान वळवून माझ्याकडे बघून हसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. विमान गेलं.

"...काय कमी पडूक नये! असला काम तेका दी, म्हाराजा. आणि," इथे बाबांना बहुतेक तो बोटीवरचा मुलगा आठवला, "रोज घराक परत येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले.

घरी येताना बाबा मला म्हणाले, "उद्याचा काय करतलस?" उद्या सोमवार होता. मी म्हटलं, "आता काय करू?" ते म्हणाले, "माका इचारशीत तर, देवाक एक सांगान दुसरा करूचा नाय. पण काम तुझा आसा." एवढंच. रात्रीच्या जेवणाआधी मी अंधेरीच्या त्या ऑफिसला येत नसल्याचं मेलने कळवून टाकलं. आईने भांडी इतक्या जोरात घासली की शेजारच्यांना कळलं, काहीतरी झालंय. "बापाक देव आणि लेकीक बाप," ती भांड्यांना म्हणाली. "दोघांय भरल्या पोटान देवाक भेटतत, म्हणान सुचता."

दुसऱ्या दिवशी नळावर काकूंनी मला गाठलं. मला वाटलं, आता हिच्याकडून ऐकायचं. तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, तुला हे काम हवं होतं? मग गाळ्याचं काय बोलत होतीस?"

"गाळ्याचं तुम्हीच बोलत होता, काकू."

"ते मरू दे. अगं, आमच्याकडे रोज हीच बोंब असते ना!" काकू मरोळला विमानांसाठी जेवण बनवणाऱ्या किचनमध्ये ट्रे लावायचं काम करतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दिवाळीला त्यांच्याकडून छोट्या डब्यांतलं लोणी यायचं. पण त्या डब्यांचा आणि माझ्या शिक्षणाचा काही संबंध असेल, हे मनात कधी आलंच नव्हतं. काकू सांगत होत्या, "जेवण उरलं की फेकायला लागतं, आमच्या मॅडम ओरडतात. कमी पडलं की विमानवाले ओरडतात. किती बनवायचं, कुठल्या गाडीत भरायचं, हे बघणारी एक मुलगी होती, ती लग्न करून हैदराबादला गेली. तिच्या जागी बघतायत कुणाला तरी. मी मॅडमना सांगू?"

मी हंडा नळाखाली तसाच विसरले. भरून वाहायला लागला तेव्हा मागच्या बाईने शिवी दिली.

काकूंनी मॅडमना सांगितलं आणि त्याच आठवड्यात बोलावणं आलं. मुलाखतीसाठी मी इस्त्रीचा ड्रेस घालून, केस नीट मोकळे सोडून गेले होते. दारातच डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि बुटांवर पिशव्या. मॅडम पांढऱ्या कोटात होत्या, त्यांनाही तशीच टोपी. एकमेकींच्या ध्यानाकडे बघून दोघींनाही जरा हसू आलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. तुला इथे काय करायचंय?

डायनॅमिक ऑर्गनायझेशन जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं. हिंदी, इंग्रजी, मध्येच मराठी, जमेल तसं सांगितलं. कुठे काही कुजू नये आणि कुठे कुणाला कमी पडू नये, ते मधलं मला सांभाळायचंय. टोमॅटोचंही सांगितलं. आणि वाक्य संपवून मी थांबले. मॅडमही काही बोलेनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी 'व्हय म्हाराजा'ची वाट बघत होते.

मॅडमनी विचारलं, दिल्लीचं विमान खूप उशिरा सुटणार आहे, जेवण गाडीत भरून झालंय, काय करशील? मी म्हटलं, आधी विचारीन, यातलं लवकर खराब होणारं काय आहे, आणि त्याच्या आधी दुसरं कुठलं विमान सुटतंय. त्या म्हणाल्या, आणि त्या विमानात शाकाहारी माणसं जास्त असली तर? मी म्हटलं, "मग तुम्ही काय करता ते मला बघावं लागेल." त्या हसल्या. कळवू म्हणाल्या. कळवू म्हणणारे मी भरपूर बघितले होते.

ते दिवस वाईट गेले. फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायची आणि पलीकडून कुणीतरी मलाच पॉलिसी विकायला बघायचं. एकदा तर मला वाटलं, आवाजावरून, की ही माझ्याच जागेवर लागलेली मुलगी असणार. मी तिचं सगळं ऐकून घेतलं. आई बोलत नव्हती, आणि आई बोलत नसली की घरातली झाकणंसुद्धा आवाज करतात. एक दिवस मी बाबांवरच उखडले. "घातलंत ना नेमकं गाऱ्हाणं? आणि देव हो म्हणालाच नाही तर?"

बाबा पेपर वाचत होते. वर बघून म्हणाले, "देव खय बोलता, बाय? व्हय म्हणतत ती माणसा." आणि पुन्हा पेपरात गेले. मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. नंतर नळावर गेले तेव्हा काकूंनी लांबूनच हातवारे करून विचारलं, आला का फोन? मागची बाई, तीच शिवी देणारी, तीही म्हणाली, "येईल गं." मग ते उत्तर जरा जरा आवडायला लागलं.

फोन आला तो दुपारचा. मॅडमच बोलल्या. पहिल्या तारखेपासून ये म्हणाल्या, केस बांधून ये म्हणाल्या. मी हो, हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर आईच्या गळ्यात पडले. आईने आधी, "साखर संपल्ली हा," म्हटलं आणि मग पदर डोळ्यांना लावला.

बाबा खाली रस्त्यावर बस धूत होते. मी पायऱ्या उतरत गेले, दोनदा चप्पल सुटली. त्यांच्यासमोर पोचले तेव्हा दम लागला होता आणि साधं वाक्य तोंडातून निघेना. म्हणून मी हात जोडले. मालवणी मला धड बोलता येत नाही, घरात मी उत्तरं मराठीतच देते. तरी सुरू केलं.

"बा म्हाराजा! तुमच्या चेडवाक काम..."

विमान आलं. मी तोंड मिटलं आणि हात तसेच ठेवले. बाबांनी नळी बंद केली. आम्ही दोघं त्या ओल्या बसपाशी उभे राहिलो. बाबांना सगळं आधीच कळलं असणार, माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. पण मध्ये बोलायची रीत नाही. विमान गेलं.

"...लागला! खय काय कुजूक नये, असला! आणि रोज घराक परत येवचा!"

बाबांनी हातातलं फडकं बसच्या आरशावर टाकलं आणि ओले हात जोडले. आयुष्यभर ते लोकांसाठी सांगत आले होते, उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.  मग त्यांनी घसा साफ केला, देवळापुढे करतात तसा, आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."